‘सीओपीडीचे रुग्ण दुप्पट झाले’ हे वाक्य लेखात छापावे का?

कोथरूडची_वाचक

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे त्रैमासिक नोव्हेंबरात निघते. त्या महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन असतो, म्हणून या अंकात सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिकांत कायमचा अडथळा येऊन धाप लागणाऱ्या फुप्फुसांच्या या जुनाट आजारावर, एक लेख द्यावा असे ठरले आणि तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे तक्ते आणि नकाशे वाचायची सवय आहे, एवढीच माझी तयारी. परंतु जमवलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि सत्तरी ओलांडलेल्या वाचकांपुढे चुकीचा आकडा ठेवून त्यांना घाबरवणे किंवा निष्काळजी करणे, दोन्ही मला नको आहे.

अडचण अशी आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली आलेल्या राज्यवार अभ्यासानुसार भारतात १९९० साली सीओपीडीचे २.८१ कोटी रुग्ण होते आणि २०१६ साली ५.५३ कोटी. वृत्तपत्रांनी याचाच ‘रुग्णसंख्या दुप्पट’ असा मथळा केला. त्याच अभ्यासात मात्र वयप्रमाणित मृत्युदर बराच घटल्याचेही म्हटले आहे. दुसरीकडे, बारा केंद्रांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पस्तिशीच्या पुढच्या लोकांत जुनाट ब्राँकायटिसचे प्रमाण ३.४९ टक्के सांगितले आहे, तर काश्मीरमधील एका पाहणीत चाळिशीच्या पुढच्यांत सीओपीडी तब्बल १६ टक्के निघाला. मग देशात हा आजार वाढतो आहे, घटतो आहे की आहे तिथेच आहे?

आणखी एक प्रश्न, जो संघातल्या बायका मला हटकून विचारतात. ‘आम्ही आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही, मग हा आजार आमचा कसा?’ माझ्या थोरल्या नणंदेला वर्षानुवर्षे ‘दमा’ म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. यंदा प्रथमच कोणीतरी तिला नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि निदान सीओपीडी असे आले. तिचे लग्नानंतरचे निम्मे आयुष्य मुळशीकडे चुलीपुढे गेले. ती त्या ५.५३ कोटींत मोजली गेली असेल का, की इतकी वर्षे ती कोणत्याच आकड्यात नव्हती?

आकडेमोड_औंध

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी संख्याशास्त्र शिकवले आहे, वैद्यक नाही, तेव्हा फक्त आकड्यांविषयी बोलतो.

‘२.८१ कोटींचे ५.५३ कोटी झाले’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय वाढ म्हणजे काय हे कळत नाही. पहिली गोष्ट, देशाची लोकसंख्याच या काळात साधारण ८५ कोटींवरून १३२ कोटींच्या आसपास गेली. दुसरी, लोक जास्त जगू लागले, म्हणजे ज्या वयात हा आजार दिसतो त्या वयाचे लोक वाढले. तिसरी, आजार होण्याची शक्यताच एकाच वयाच्या माणसासाठी पूर्वीपेक्षा जास्त झाली असेल किंवा नसेल. मथळा वाचणाऱ्याला वाटते की तिसरी गोष्ट घडली. प्रत्यक्षात पहिल्या दोन गोष्टींचा वाटा फार मोठा आहे.

हे कागदावर मांडून पाहा. त्याच अभ्यासानुसार एकूण लोकसंख्येतील प्रमाण १९९० मध्ये ३.३ टक्के होते आणि २०१६ मध्ये ४.२ टक्के. समजा, प्रमाण ३.३ टक्क्यांवरच थांबले असते, तर २०१६ च्या १३२ कोटी लोकांत सुमारे ४.३५ कोटी रुग्ण असते. म्हणजे २.७२ कोटींच्या एकूण वाढीपैकी सुमारे दीड कोटी केवळ माणसे वाढल्यामुळे आहेत. उरलेले १.२ कोटी प्रमाण वाढल्यामुळे आहेत, आणि त्यातलाही मोठा भाग लोकसंख्येचे सरासरी वय वाढल्यामुळे आहे. ‘दुप्पट’ हा शब्द खोटा नाही, पण ‘प्रमाण दुप्पट झाले’ असे कोणी लिहिले तर ते सपशेल खोटे ठरेल, आणि मी पाहिलेल्या बातम्यांपैकी काहींनी तसेच लिहिले होते.

वयप्रमाणित दर म्हणजे काय, हे आपल्या वाचकांसाठी एका वाक्यात असे सांगता येईल: दोन्ही वर्षांच्या लोकसंख्येत तरुण आणि वृद्धांचे प्रमाण सारखेच असते असे धरून काढलेला दर. असा दर काढला की म्हाताऱ्यांची संख्या वाढल्याचा परिणाम बाजूला पडतो आणि उरते ती आजाराची खरी चाल. त्या चालीत मृत्युदराची घट स्पष्ट आहे. त्यामुळे आपण दिलेली पहिली दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. रुग्ण वाढले, आणि एकाच वयाच्या माणसाने या आजाराने मरण्याची शक्यता घटली, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते आणि येथे आहे.

तरीही ‘मग चिंता नको’ असा निष्कर्ष मी काढू देणार नाही. रुग्णालयाला, औषधाच्या दुकानाला, घरातल्या सुनेला किंवा मुलाला वयप्रमाणित माणूस भेटत नाही. त्यांना खराखुरा रुग्ण भेटतो, आणि असे रुग्ण सव्वीस वर्षांत जवळपास दुप्पट झाले आहेत. खाटा किती लागतील, इनहेलर किती लागतील, ऑक्सिजनची यंत्रे किती लागतील, हे ठरवताना कच्चा आकडाच वापरावा लागतो. कोणता आकडा ‘खरा’ हे आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो यावर अवलंबून आहे.

आपल्या नणंदबाईंविषयी डॉक्टर मंडळींनी लिहावे. पण एक गोष्ट नोंदवतो. ५.५३ कोटी ही कोणी दारोदार जाऊन केलेली मोजणी नाही. तो अंदाज आहे. निरनिराळ्या पाहण्या, नमुना नोंदणी पद्धतीत घरच्यांना मृत्यूपूर्वीची लक्षणे विचारून ठरवलेली कारणे आणि गणिती प्रारूपे यांतून तो काढलेला आहे. त्यात निदान न झालेल्यांनाही धरण्याचा प्रयत्न असतो. आपल्या देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू जेमतेम पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक असतात, तेव्हा याहून थेट मार्ग उपलब्धही नाही.

छातीरोग_डॉक्टर

वरील मांडणी उत्तम आहे. मी पुण्यात छातीच्या विकारांचा दवाखाना चालवतो. आपल्या यादीतले ३.४९ टक्के आणि १६ टक्के एकमेकांशेजारी का ठेवता येत नाहीत, हे सांगतो.

२०१२ ची पाहणी प्रश्नावलीवर आधारित होती. सलग काही महिने, सलग दोन वर्षे बेडका पडणारा खोकला होतो का, अशा स्वरूपाचे प्रश्न विचारून जुनाट ब्राँकायटिस ठरवला गेला. सव्वा-दीड लाखांहून अधिक लोकांची अशी विचारपूस करणे हे मोठेच काम होते आणि त्याचे मोल कमी नाही. परंतु सीओपीडी असलेल्या अनेकांना बेडका पडतच नाही, त्यांना फक्त धाप लागते, आणि तीही ‘वयामुळे’ म्हणून ते सांगत नाहीत. काश्मीरच्या पाहणीत मात्र चाळिशीच्या पुढच्या लोकांना यंत्रावर फुंकायला लावून, म्हणजे स्पायरोमेट्रीने, श्वासनलिकांतील अडथळा मोजला होता. तिथे प्रमाण १६.०५ टक्के निघाले, पुरुषांत १७.३ आणि स्त्रियांत १४.८. थंड प्रदेश, बंद खोल्या, कांगडी (उबेसाठी अंगाशी धरायची निखाऱ्यांची छोटी शेगडी) आणि लाकडाचा धूर हे सगळे त्यात आले. ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने ही पाहणी झाली त्याच पद्धतीने पुण्यातही पाहणी झालेली आहे आणि पुण्यातील प्रमाण काश्मीरच्या मानाने बरेच कमी निघाले.

आता छेदाकडे पाहा. ४.२ टक्के हे तान्ह्या बाळासकट सर्व वयांच्या लोकसंख्येचे प्रमाण आहे, ३.४९ हे पस्तिशीपुढच्यांचे आणि १६ हे चाळिशीपुढच्यांचे. व्याख्या वेगळी, वय वेगळे, जागा वेगळी. हे तीन ठिपके जोडून रेघ काढली तर ती रेघ आजाराची नसेल, मोजण्याच्या पद्धतींची असेल. काळानुसार कल सांगायचा तर एकाच गावात, एकाच पद्धतीने, काही वर्षांच्या अंतराने केलेली मोजणी हवी, आणि देशपातळीवर तशी स्पायरोमेट्रीची पुनरावृत्ती आपल्याकडे फार थोडी आहे. २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांच्या ‘लासी’ पाहणीत फुप्फुसांची क्षमताही यंत्रावर मोजली गेली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या त्या कामाच्या पुढच्या फेऱ्या होत राहिल्या, तर खरा कल सांगण्याची सोय होईल.

व्याख्येतही एक खाच आहे. औषध ओढून झाल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एका दमात बाहेर पडलेली एकूण हवा यांचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असेल तर अडथळा कायमचा आहे असे मानतात. हे गुणोत्तर निरोगी माणसातही वयानुसार घटत जाते. त्यामुळे पंचाहत्तरीच्या धडधाकट माणसालाही हा ठरावीक निकष कधी कधी रुग्ण ठरवतो, आणि चाळिशीतल्या खऱ्या रुग्णाला वगळतो. ज्या देशात वृद्ध वाढत आहेत तिथे या निकषावर काढलेले कच्चे प्रमाण थोडे अधिकच चढलेले दिसणार. म्हणून काही संशोधक वयानुसार ठरवलेली खालची मर्यादा वापरतात. दोन अभ्यासांची तुलना करताना कोणता निकष लावला आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्या नणंदबाईंची जी तपासणी झाली ती कशी असते, हेही लेखात जरूर सांगा, कारण लोक तिला उगाच घाबरतात. खुर्चीत ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात, ओठ नळीभोवती घट्ट मिटायला सांगतात. मग छाती फुटेपर्यंत श्वास आत, आणि एकदम जोरात बाहेर. शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका’ असे मोठ्याने म्हणत राहतो, कारण निदान सहा सेकंद फुंकर चालू राहावी लागते आणि चौथ्या सेकंदाला बहुतेकांना वाटते की आता आत काहीच उरले नाही. पडद्यावरची रेघ निरोगी माणसात टोकावरून सरळ उतरते. अडथळा असलेल्याची रेघ टोकाला जाताच आत वाकते. असे किमान तीन चांगले प्रयत्न घेतात, मग साल्बुटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ओढायला देऊन दहा-पंधरा मिनिटे बसवतात आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून. औषधानंतर रेघ पूर्ण सुधारली तर दम्याचा संशय अधिक, वाकलेलीच राहिली तर सीओपीडीचा. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर ते आधी सांगावे लागते.

ज्या घरच्या डॉक्टरांकडे हे यंत्र नाही, किंवा आहे पण दहा रुग्णांच्या रांगेत अर्धा तास काढता येत नाही, तिथे धाप म्हणजे दमा हीच चिठ्ठी लिहिली जाते. म्हणून ‘तुम्हाला डॉक्टरांनी कधी असा आजार सांगितला आहे का’ असे विचारणाऱ्या कोणत्याही पाहणीत आपल्या नणंदबाई यंदापर्यंत सीओपीडीच्या रुग्ण म्हणून आल्या नसत्या. स्पायरोमेट्री करणाऱ्या पाहणीत मात्र त्या सापडल्या असत्या.

हडपसर_मगरपट्टा

सगळे वाचले. परंतु मूळ कारण समोर दिसत असताना आपण व्याख्यांच्या चर्चेत का अडकलो आहोत? सोलापूर रस्त्यावर संध्याकाळी उभे राहून पाहा. पुण्यातील वाहनांची संख्या कुठल्या कुठे गेली, बांधकामांची धूळ बारमाही झाली, वाघोलीच्या खडी क्रशरांची धूळ लोकांनी वर्षानुवर्षे खाल्ली. देशात सीओपीडी वाढण्याचे कारण शहरांची हवा आहे आणि लेखात तेच ठळकपणे आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळशी_आरोग्यसेविका

दादा, शहराची हवा वाईट आहे यात वाद नाही. पण माझी सगळी नोकरी मुळशी आणि भोरच्या बाजूला उपकेंद्रांवर गेली आणि मी ज्यांना धापा टाकताना पाहिले त्यांतल्या बहुतेक बायकांनी सोलापूर रस्ता कधी पाहिलाही नव्हता. त्यामुळे मला हे लिहिणे भाग आहे.

पावसाळ्यातले घर डोळ्यांपुढे आणा. जून ते सप्टेंबर डोंगराकडे पाऊस थांबत नाही, सरपण ओले, गोवऱ्या दमट. वारा आणि पाणी आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतलेले. चूल पेटण्याआधी अर्धा तास नुसती धुमसते आणि फुंकणी हातात घेऊन बाई तिच्यासमोर बसलेली असते. फुंकर मारायची तर आधी मोठा श्वास घ्यावा लागतो, आणि तो श्वास धुराचाच असतो. मांडीवर मूल. घराच्या आढ्यावर बोटभर काजळी. असे दिवसातून दोनदा, तीसचाळीस वर्षे. या बाईला कोणी विचारले ‘तुम्ही धूम्रपान करता का’, तर ती ‘नाही’ म्हणते आणि कागदावर ‘धोका नाही’ अशी खूण होते.

हे आजचे ज्ञान नाही. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी दिल्लीतील रुग्णांवर १९५९ साली लिहिलेल्या निबंधात फुप्फुसांच्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी झालेल्यांचा अभ्यास आहे, आणि त्यात सिगारेट न ओढणाऱ्या बायकांची संख्या लक्षात येण्याजोगी होती. चुलीच्या धुराकडे तेव्हाच बोट दाखवले गेले होते.

आता बदल होत आहे, आणि तोही सांगायला हवा. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. पण आमच्या भागात मी काय पाहिले, तर सिलिंडर आला तरी चूल मोडली नाही. चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. टाकी भरायला पैसे लागतात, सरपण रानातून येते. म्हणून ‘जोडणी मिळाली’ आणि ‘धूर थांबला’ यांत अंतर आहे. शिवाय पन्नाशीतल्या बाईची फुप्फुसे आधीच्या तीस वर्षांच्या धुराने जी झिजली ती गॅस आल्यामुळे भरून येत नाहीत. या बदलाचा परिणाम राष्ट्रीय आकड्यांत दिसायला बराच काळ लागेल.

बायकांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे सांगा. आणि क्षयरोगही विसरू नका. औषधांचा कोर्स पुरा होऊन क्षय बरा झाला तरी अनेकांची फुप्फुसे जखमी राहतात आणि पुढे धाप लागते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, तेव्हा हा वाटा लहान नसणार.

आकडेमोड_औंध

ताईंनी लिहिलेल्याला आकड्यांची जोड देतो. २०१८ च्या त्याच अभ्यासात २०१६ साली सीओपीडीमुळे गमावलेल्या निरोगी आयुष्यवर्षांपैकी ५३.७ टक्के वायुप्रदूषणाशी, २५.४ टक्के तंबाखूशी आणि १६.५ टक्के कामाच्या ठिकाणच्या धुळी-धुराशी जोडली आहेत. यातील ‘वायुप्रदूषण’ म्हणजे बाहेरची हवा आणि घरातील घन इंधनाचा धूर, दोन्ही. तेव्हा मगरपट्ट्याचे मित्र आणि ताई, दोघांचेही म्हणणे त्या एकाच आकड्यात आहे. फक्त हे तीन आकडे बेरजेसाठी नसतात, कारण एकाच माणसावर दोन-तीन कारणे एकत्र काम करतात. विडी ओढणारा गवंडी तिन्हींत येतो.

परंतु शहरांची हवा हेच मुख्य कारण असते तर वयप्रमाणित प्रमाण आणि गमावलेली आयुष्यवर्षे सर्वांत शहरी आणि संपन्न राज्यांत सर्वाधिक दिसायला हवी होती. तसे दिसत नाही. ती कमी विकसित राज्यांच्या गटात सर्वाधिक आहेत. तिथे आजार अधिक आहे आणि आजार झालेल्याला उपचार कमी मिळतात, हे दोन्ही त्यात आले. भारतात जगाच्या लोकसंख्येपैकी १८ टक्के लोक राहतात, पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे जगात गमावल्या जाणाऱ्या आयुष्यवर्षांपैकी ३२ टक्के भारतात गमावली जातात. मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा हाच आहे, आणि लेखात एकच आकडा ठेवायचा असेल तर मी हा ठेवीन.

तंबाखूचा कलही जोडा. प्रौढांच्या जागतिक तंबाखू पाहणीत भारतातील धूम्रपान करणारे प्रौढ २००९-१० मध्ये १४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये १०.७ टक्क्यांवर आले.

कोथरूडची_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपण लिहिलेले चुलीचे वर्णन मी नणंदेला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘पावसाळ्यात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फुंकायचो, त्याला कोणी आजार म्हटलं नाही.’ तिच्या परवानगीने हे वाक्य लेखात घेते आहे.

दोन शंका उरल्या. एक, आमच्या एका सभासदांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने कळवले की तिकडे या आजाराचे प्रमाण बरीच वर्षे स्थिर आहे आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे. हे खरे का, आणि आपल्याशी त्याची तुलना करावी का? दोन, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सीओपीडी मृत्यूच्या कारणांत तिसऱ्या क्रमांकावर होता, नवीन यादीत चौथा आहे. म्हणजे जगात सुधारणा झाली असे लिहू का?

छातीरोग_डॉक्टर

पहिली गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य मुलाखत पाहणीत २००७ ते २००९ या काळात प्रौढांतील प्रमाण ५.१ टक्के होते, स्त्रियांत ६.१ आणि पुरुषांत ४.१. त्याआधीच्या दशकात एकूण प्रमाणात मोठा चढउतार नव्हता. इ.स. २००० पासून तिथे या आजाराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे. मात्र तिथले मुख्य कारण सिगारेट आहे. तिथल्या स्त्रियांनी पुरुषांनंतर काही दशकांनी मोठ्या प्रमाणावर सिगारेट ओढायला सुरुवात केली आणि सोडलीही उशिरा, त्याचा हिशेब आता पुढे येतो आहे. संपन्न देशांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांचे कारण धूम्रपान असते, आपल्यासारख्या देशांत ते तीस ते चाळीस टक्केच असते. शिवाय ५.१ टक्के हे ‘डॉक्टरांनी सांगितले आहे का’ या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणजे ज्या पद्धतीने आपल्या नणंदबाई सुटल्या असत्या तीच पद्धत. आपल्या ४.२ टक्क्यांशेजारी ते ठेवून ‘आपण बरे आहोत’ असे कोणी म्हणू नये.

दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘लिहू नका’ असे आहे. २०१९ च्या अंदाजात सीओपीडीने जगात ३२.३ लाख माणसे गेली आणि तो तिसरा होता. २०२१ च्या अंदाजात सुमारे ३५ लाख गेली आणि तो चौथा आहे. मध्ये कोविड दुसऱ्या क्रमांकावर येऊन बसला, म्हणून हा खाली गेला. क्रमांक घसरला, मृत्यू वाढले.

हडपसर_मगरपट्टा

आरोग्यसेविका ताईंचे म्हणणे मला पटले. घन इंधनाकडे माझे लक्ष नव्हते. पण लेखात कामाच्या ठिकाणची धूळ सुटू नये अशी विनंती आहे. १६.५ टक्के हा लहान आकडा नाही, आणि खडी, फाउंड्री, बांधकाम, भट्ट्या या ठिकाणी काम केलेले कितीतरी लोक आज पुण्याच्या ज्येष्ठ नागरिकांत आहेत. डॉक्टरांनी कामाचा इतिहास विचारला नाही तरी त्यांनी तो स्वतःहून सांगावा, एवढे तरी छापा.

कोथरूडची_वाचक

नक्की घेते. मुख्य परिच्छेदाचा मसुदा येथे ठेवते आहे, कृपया तपासावा:

‘१९९० ते २०१६ या काळात भारतातील सीओपीडीच्या रुग्णांची अंदाजे संख्या २.८१ कोटींवरून ५.५३ कोटींवर गेली. यातील मोठा भाग लोकसंख्या वाढल्यामुळे आणि लोक अधिक काळ जगू लागल्यामुळे आहे. एकाच वयाच्या व्यक्तीला या आजाराने मृत्यू येण्याचा धोका या काळात कमी झाला. तरीही २०१६ साली देशातील १०.९ टक्के मृत्यू सीओपीडीने झाले.’

आकडेमोड_औंध

पहिली तीन वाक्ये जशीच्या तशी जाऊ द्या. ‘अंदाजे’ हा शब्द संपादकांनी जागेसाठी काढला तर परत घालायला लावा. चौथ्या वाक्यात दुरुस्ती हवी: १०.९ टक्के हा आकडा सर्व दीर्घकालीन श्वसनविकारांचा मिळून आहे, त्यात दमाही येतो. ‘सीओपीडीने’ऐवजी ‘सीओपीडी, दमा इत्यादी दीर्घकालीन श्वसनविकारांनी’ असे करा, आणि शेजारी १९९० चा ९.६ टक्के हा आकडाही द्या, म्हणजे वाचकाला तुलना करता येईल.

छातीरोग_डॉक्टर

त्याच परिच्छेदाखाली चौकटीत एवढे टाका: वय चाळिशीच्या पुढे, चढावर किंवा जिन्यावर बरोबरीच्या माणसांपेक्षा आधी धाप लागते, खोकला महिनोन्‌महिने जात नाही, आणि आयुष्यात कधी चूल, विडी-सिगारेट किंवा धुळीच्या कामाशी संबंध आला आहे किंवा क्षयरोग झालेला आहे, तर ‘माझी स्पायरोमेट्री झाली आहे का’ असे आपल्या डॉक्टरांना विचारावे. नणंदबाईंचा इनहेलर त्या नीट ओढतात ना, हे पुढच्या भेटीत कोणाला तरी समोर बसून पाहायला सांगा. बहुतेक रुग्ण औषध घशातच सोडतात.